पाहता पाहता उडणारे रंग

घरात एखादे जुने भरतकाम असेल तर ते उलटे करून पाहा. दाराचे तोरण, उशीचा अभ्रा, कोपऱ्यात मोर काढलेला चौकोनी रुमाल, काहीही चालेल. पुढच्या बाजूचा मोर फिकट झालेला दिसेल. मागच्या बाजूला, जेथे धाग्यांच्या गाठी आणि उलटे टाके असतात तेथे, तोच धागा पुष्कळच गडद राहिलेला आढळेल. धागा एकच, तो रंगवला एकाच वेळी, धुतलाही तितक्याच वेळा. हवा आणि दमटपणाही दोन्ही बाजूंना सारखाच. मग हा फरक कशाने पडला?

फरक एवढाच, की पुढच्या बाजूवर वर्षानुवर्षे प्रकाश पडत राहिला आणि मागच्या बाजूवर तो पडला नाही.

येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. रंगारी महिनाभर खपून कापड रंगवतो, भरतकाम करणारी स्त्री त्यावर कित्येक महिने टाके घालते, ते सर्व कशासाठी? कोणीतरी पाहावे म्हणून. पाहण्यासाठी प्रकाश हवा. आणि ज्या प्रकाशात रंग दिसतो, तोच प्रकाश रंगाचा नाशही करतो. हस्तकलेचे कापड प्रदर्शनात मांडणे म्हणजे त्याचे थोडे थोडे आयुष्य खर्च करणे होय. हा खर्च किती, तो मोजता येतो का आणि कमी करता येतो का, हे आपण या लेखात पाहू या.

रंग म्हणजे गिळलेला प्रकाश

पांढऱ्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग असतात, हे तुम्ही लोलकाच्या प्रयोगात पाहिलेच आहे. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ७०० नॅनोमीटरपासून ४०० नॅनोमीटरपर्यंत असते. निळीत बुडवलेले कापड निळे दिसते याचा अर्थ ते निळा प्रकाश निर्माण करते असा नाही. निळीचे रेणू पांढऱ्या प्रकाशातील तांबडा व नारिंगी भाग शोषून घेतात आणि उरलेला, मुख्यतः निळा, भाग आपल्या डोळ्यांकडे परत येतो. मंजिष्ठाच्या मुळांपासून केलेला तांबडा रंग याच्या उलट वागतो. तो निळा आणि हिरवा भाग शोषतो. हळद जांभळा व निळा भाग शोषते, म्हणून ती पिवळी दिसते.

म्हणजे रंगीत कापड हे सतत प्रकाश गिळत असते. गिळलेल्या प्रकाशाची ऊर्जा कोठेतरी जायलाच हवी. बहुतेक वेळा तिचे उष्णतेत रूपांतर होते आणि रेणू होता तसा राहतो. पण क्वचित, लाखो वेळांतून एखादे वेळी, ती ऊर्जा रेणूची रचनाच बिघडवते. बिघडलेला रेणू पूर्वीसारखा प्रकाश शोषू शकत नाही, म्हणजेच तो रंगहीन होतो. असे रेणू वाढत गेले की आपण म्हणतो, रंग उडाला.

यातून एक नियम निघतो: जो प्रकाश शोषला जातो, तोच बदल घडवू शकतो. हा नियम ग्रोथस आणि ड्रेपर या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखला जातो. त्याचा उपयोग पुढे प्रयोगात करू.

रंग कापडाला धरतो कसा

प्रकाशापुढे कोणता रंग किती टिकेल, हे तो कापडाला कसा धरून बसला आहे यावरही अवलंबून असते. म्हणून आधी रंगाऱ्याकडे जाऊ. त्यासाठी गुजरातमधील कच्छच्या अजरख कापडाचे उदाहरण फार चांगले आहे. गडद निळा, तांबडा, काळा आणि पांढरा अशा चार रंगांची, ताऱ्यांसारख्या भौमितिक नक्षीची ही ठसेछपाई तुम्ही ओढण्यांवर व चादरींवर पाहिली असेल. ती पूर्ण करायला चौदा ते सोळा टप्पे लागतात.

सुती कापड म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. मंजिष्ठाचा रंग सेल्युलोजला नीट चिकटत नाही, तो धुतला की जातो. म्हणून मध्ये एक दुवा लागतो. या दुव्याला रंगबंधक म्हणतात. रंगारी प्रथम कापड सोडा व तेलात मुरवून स्वच्छ करतो. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवतो. हिरड्यातील टॅनिन धाग्यांत शिरते आणि धातूंचे अणू पकडून ठेवते. यानंतर ठसे येतात. जेथे कापड पांढरे ठेवायचे असेल तेथे चुना आणि डिंक यांचा लेप ठशाने देतात. जेथे काळी रेघ हवी तेथे लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला द्राव छापतात. त्यातील लोह आणि हिरड्याचे टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळची काळी शाई याच क्रियेने होत असे. जेथे तांबडा रंग हवा तेथे तुरटी छापतात. तुरटी छापलेली जागा या वेळी जवळजवळ रंगहीन दिसते. पण पुढे सगळे कापड मंजिष्ठाच्या, किंवा त्यातील अ‍ॅलिझरीन या रंगद्रव्याच्या, उकळत्या पाण्यात घातले की फक्त तुरटीच्या जागा लालभडक होतात, कारण तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमचे आयन अ‍ॅलिझरीनला घट्ट धरून ठेवतात.

निळीची गोष्ट वेगळी. नीळ पाण्यात विरघळतच नाही, मग ती धाग्यात शिरणार कशी? रंगारी निळीच्या कुंडात तिचे क्षपण घडवून आणतो. क्षपण झालेली नीळ अल्कधर्मी पाण्यात विरघळते आणि पिवळसर हिरवी दिसते. कापड कुंडातून बाहेर काढले की हवेतील ऑक्सिजनमुळे ती पुन्हा मूळ अविद्राव्य निळीत बदलते. बघता बघता हिरवे कापड निळे होते आणि नीळ धाग्याच्या आतच अडकून बसते.

रंगबंधकाचे महत्त्व किती, हे कच्छमध्येच घडलेल्या एका घटनेवरून कळते. अजरखचे पुष्कळसे कारागीर पूर्वी धमडका या गावी राहत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्यांची घरे पडली. शिवाय नंतर तेथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढल्याचे आढळले. पिण्याच्या पाण्यात थोडे लोह वाढले तर जिभेला जेमतेम कळेल. पण रंगाऱ्याच्या दृष्टीने ते संकटच होते. अ‍ॅलिझरीन अ‍ॅल्युमिनियमशी जोडले गेले तर तांबडे होते आणि लोहाशी जोडले गेले तर जांभळट काळे. पाण्यातच लोह असेल तर तांबडा रंग मळकट होणार. म्हणून अनेक कुटुंबांनी भुजजवळ नवीन जागा घेतली आणि तेथे अजरखपूर हे गाव वसले. काही कुटुंबे धमडक्यालाच राहिली. एका कलेचा पत्ता बदलायला पाण्यातील लोहही कारण होऊ शकते ते असे.

टाके आणि उजेड

रंगवलेला धागा भरतकामात जातो तेव्हा प्रकाशाचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. सुती कापडाच्या खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो. पीळ न घातलेल्या रेशमी धाग्याचे टाके शेजारी शेजारी, एकमेकांना समांतर घातले तर त्यांचे तंतू एका दिशेने रांगेत लागतात. असा पृष्ठभाग काही दिशांना जास्त आणि काही दिशांना कमी प्रकाश परत पाठवतो. पंजाबच्या फुलकारीत हे फार स्पष्ट दिसते. तेथे एकाच रंगाच्या धाग्याने काही टाके आडवे आणि काही उभे घालतात, आणि पाहणाऱ्याला दोन छटा वापरल्याचा भास होतो. कच्छच्या सूफ भरतकामातही कापडाचे उभे-आडवे धागे मोजून, मागच्या बाजूने, असेच सपाट समांतर टाके घालून त्रिकोण भरतात. आणि आरसेकामातील आभले तर चक्क छोटे सपाट आरसेच. ते प्रकाश विखुरत नाहीत, एकाच दिशेने परावर्तित करतात, म्हणून आपण चालत गेलो की एकामागून एक चमकतात.

हे लक्षात ठेवा. भरतकामाचे सौंदर्य नुसत्या प्रकाशाच्या प्रमाणात नसते, तो कोणत्या दिशेने येतो यावरही ते अवलंबून असते. प्रदर्शन मांडताना ही गोष्ट आपल्या फार कामी येणार आहे.

ऊन की उष्णता?

‘उन्हाच्या तापाने रंग उडतो’ असे आपण सहज म्हणतो. हे खरे आहे का? थोडे गणित करू.

प्रकाश फोटॉन नावाच्या कणांनी ऊर्जा देतो. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढायची असेल तर १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. तांबड्या टोकाला, ७०० नॅनोमीटरला, उत्तर सुमारे १.८ येते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला २.८ येते. आणि ३५० नॅनोमीटरच्या जंबुपार किरणांना, जे डोळ्यांना दिसत नाहीत पण उन्हात असतात, ३.५ येते. कार्बनच्या दोन अणूंमधील साधा बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे जंबुपार फोटॉन रासायनिक बंध तोडण्याच्या अगदी जवळ पोहोचतो.

आता उष्णता पाहा. नेहमीच्या तापमानाला रेणूंच्या हालचालीशी निगडित ऊर्जा सुमारे एक चाळीसांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कापड उन्हात कडक तापले तरी ती थोडीशीच वाढते. दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन याच्या साधारण शंभरपट ऊर्जा एकाच रेणूला एकाच क्षणी देतो. फरक आहे तो येथे. उष्णता रंगाची हानी काही प्रमाणात वेगाने घडवते हे खरे, पण मुख्य घाव असतो तो फोटॉनचा.

अर्थात दृश्य प्रकाशाचा फोटॉन बहुधा एकटा बंध तोडत नाही. तो रेणूला उत्तेजित करतो आणि उत्तेजित रेणू हवेतील ऑक्सिजन व बाष्प यांच्याशी लवकर संयोग पावतो. इंग्लंडमध्ये रसेल आणि अ‍ॅबनी यांनी १८८८ साली जलरंगांवरील प्रकाशाच्या परिणामांचा अहवाल दिला. निर्वात नळीत ठेवलेले बहुतेक रंग प्रकाशातही फारसे उडत नाहीत, असे त्यांना आढळले. हवा आणि ओल मदतीला लागते ती अशी.

मग निळीसारखा रंग हळदीपेक्षा कितीतरी जास्त का टिकतो? निळीचा रेणू शोषलेली ऊर्जा सेकंदाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी वेळात उष्णतेच्या रूपाने सोडून देतो. तो उत्तेजित अवस्थेत फार थोडा वेळ राहतो, त्यामुळे ऑक्सिजनला हल्ला करायला सवड मिळत नाही. हळदीचे उदाहरण तर प्रत्येक घरात आहे. शर्टावर पडलेला हळदीचा डाग साबण लावला की तांबडा होतो, कारण हळद अल्काचा दर्शक आहे. साबण गेला की तो पुन्हा पिवळा होतो. पण तोच शर्ट उन्हात वाळत घातला की डाग नाहीसा होतो. तेथे हळदीचे रेणू प्रकाशाने मोडतात.

सगळे रंग सारख्याच वेगाने उडाले असते तर निदान चित्राचा तोल राहिला असता. पण तसे होत नाही. पूर्वी हिरवा रंग बहुधा पिवळ्या वनस्पतिरंगावर नीळ चढवून करीत. पिवळा आधी उडतो, नीळ मागे राहते. युरोपातील जुन्या भिंतपडद्यांवर आज कित्येक झाडांची पाने निळी दिसतात ती याच कारणाने. कारागिराने निळी झाडे काढली नव्हती. म्हणजे प्रकाश कापडाला नुसता म्हातारा करत नाही, कारागिराला म्हणायचे होते ते बदलूनही टाकतो.

हिशेबाची वही

आता प्रदर्शनाकडे वळू. पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता ‘लक्स’ या एककात मोजतात. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर साधारण १ लक्स प्रकाश देते. चांगल्या उजेडाच्या वर्गात ३०० लक्सच्या आसपास प्रकाश असतो. भर दुपारच्या थेट उन्हात तो सुमारे १,००,००० लक्स असतो.

रंगाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तीव्रता आणि वेळ यांचा गुणाकार, म्हणजे लक्स-तास. १०० लक्समध्ये १० तास आणि १० लक्समध्ये १०० तास, दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच. मंद प्रकाश निरुपद्रवी नसतो, तो फक्त हळू खर्च करतो.

जगभरच्या संग्रहालयांत जुन्या कापडांसाठी ५० लक्स ही मर्यादा पाळण्याची प्रथा आहे. समजा, एखादे संग्रहालय दिवसाला ८ तास, वर्षातून ३०० दिवस उघडे असते. तर वर्षाचा खर्च ५० × ८ × ३०० म्हणजे १,२०,००० लक्स-तास झाला. हेच कापड थेट उन्हात टाकले तर तेवढा खर्च व्हायला किती वेळ लागेल? १,२०,००० भागिले १,००,०००, म्हणजे १.२ तास, अर्थात ७२ मिनिटे! संग्रहालयातले एक वर्ष आणि उन्हातला सव्वा तास हिशेबाने जवळजवळ सारखे. उन्हातील जंबुपार किरण धरले तर ऊन याहूनही महाग पडते.

आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने २००४ साली सुचवले, की सर्वांत नाजूक रंगांना वर्षाला १५,००० लक्स-तासांपेक्षा जास्त प्रकाश देऊ नये. ५० लक्सने दिवसाला ८ तास, म्हणजे रोज ४०० लक्स-तास धरले तर हा साठा साडेसदतीस दिवसांत संपतो. उन्हात तो ९ मिनिटांत संपेल. म्हणूनच संग्रहालये नाजूक कापडे काही आठवडे मांडून पुन्हा अंधाऱ्या कपाटात ठेवतात आणि त्यांच्या जागी दुसरी लावतात. याला ‘विश्रांती देणे’ म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. दमलेला माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो. कापडाचा उडालेला रंग मात्र अंधारात ठेवून परत येत नाही. विश्रांतीत फक्त खर्च थांबतो. या वहीला जमेची बाजूच नाही.

रंगांचा टिकाऊपणा मोजण्यासाठी वस्त्रोद्योगात निळ्या लोकरीच्या आठ प्रमाणपट्ट्या वापरतात. पहिली सर्वांत लवकर फिकटते आणि पुढची प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे दोन ते तीन पट टिकते. जंबुपार किरण गाळून टाकले तर पहिल्या श्रेणीच्या रंगात डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढा बदल सुमारे ३ लाख लक्स-तासांत होतो, चौथ्या श्रेणीत सुमारे १ कोटी लक्स-तासांत. वरच्या संग्रहालयात पहिल्या श्रेणीचा रंग अडीच वर्षांत बदललेला दिसू लागेल, चौथ्या श्रेणीचा त्र्याऐंशी वर्षांत. हळद पहिल्या श्रेणीच्या आसपासची. शाळेतल्या खिडकीजवळ २,००० लक्स प्रकाशात रोज ६ तास हळदीने रंगवलेले कापड टांगले, तर २५ दिवसांतच ३ लाख लक्स-तास पुरे होतात.

प्रदर्शन कसे मांडावे

एवढे कळल्यावर प्रदर्शन मांडण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

पहिली गोष्ट, खिडकी टाळा. काचेतून जंबुपार किरणांचा काही भाग अडतो, पण बराच आत येतो. दिवा वापरायचा तर आजचे एलईडी दिवे बरे, त्यांत जंबुपार किरण जवळजवळ नसतात. मात्र दृश्य प्रकाशाचा खर्च तरीही होतोच.

दुसरी गोष्ट, दिवा दूर न्या. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो, हा वर्गाचा व्यस्त नियम तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट, प्रकाश कमी करा पण त्याची दिशा साधा. रेशमी टाके आणि आभले यांच्यावर समोरून भरपूर उजेड टाकण्यापेक्षा बाजूने तिरपा, मंद उजेड टाकला तर टाक्यांचा उठाव आणि चकाकी जास्त चांगली दिसते. कमी खर्चात जास्त शोभा!

चौथी गोष्ट, पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सवड द्या. आपला डोळा भर उन्हातही पाहतो आणि पाव लक्सच्या चांदण्यातही. पण उजेडातून अंधारात आल्यावर जुळवून घ्यायला त्याला काही मिनिटे लागतात. म्हणून वाटेतला उजेड टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावा. अहमदाबादचे १९४९ मध्ये स्थापन झालेले कॅलिको म्युझियम किंवा अजरखपूर येथे २०१६ मध्ये सुरू झालेले कच्छच्या हस्तकलांचे संग्रहालय पाहण्याचा योग आला, तर कोठे किती उजेड ठेवला आहे ते मुद्दाम न्याहाळा.

पाचवी गोष्ट प्रकाशाची नाही, वजनाची आहे. आरसेकामाचे एखादे कापड ३ किलोग्रॅम भरले तर त्याचे वजन सुमारे ३० न्यूटन होते. दोन खिळ्यांवर टांगले तर प्रत्येक खिळ्याजवळच्या चारदोन धाग्यांवर १५ न्यूटन भार येतो आणि कापड तेथेच फाटते. त्याऐवजी मागे वरच्या काठाला सुती पट्टीचा नेफा शिवून त्यातून काठी घाला. कापड दीड मीटर रुंद असेल तर तोच भार १५० सेंटिमीटरवर वाटला जातो, दर सेंटिमीटरला फक्त ०.२ न्यूटन. काळी रेघ असलेल्या जुन्या ठसेकामाची विशेष काळजी घ्या. लोहामुळे धाग्यातील सेल्युलोज लवकर कुजते. जुनी कापडे पुष्कळदा काळ्या रेघेवरच विरतात.

करून पाहा

पांढऱ्या सुती कापडाच्या बोटभर रुंद दहा-बारा पट्ट्या कापा. काही हळदीच्या पाण्यात उकळा. काही तुरटीच्या पाण्यात तासभर भिजवून मग मंजिष्ठाच्या पाण्यात उकळा. मंजिष्ठ आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळते. पट्ट्या धुऊन सावलीत वाळवा.

आता पुठ्ठ्यावर हळदीच्या पाच पट्ट्या लावा. पहिली उघडी ठेवा. दुसरी काळ्या कागदाने पूर्ण झाका. तिसरीवर तांबडा आणि चौथीवर निळा जिलेटिन कागद लावा. पाचवी अर्धीच झाका. मंजिष्ठाच्या पट्ट्यांचेही असेच करा. पुठ्ठा उन्हात ठेवा आणि दर तासाने पट्ट्या पाहून नोंद करा. प्रत्येक रंगाची एक जादा पट्टी वहीत मिटून ठेवा, ती तुलनेसाठी.

प्रयोगाआधीच आपला अंदाज लिहून ठेवा. काळ्या कागदाखालची पट्टी उघड्या पट्टीइतकी, किंबहुना जास्तच, तापेल. रंग उष्णतेने उडत असेल तर ती फिकट व्हायला हवी. झाली का? हळद निळा प्रकाश शोषते. मग कोणत्या जिलेटिनखाली ती जास्त टिकेल? मंजिष्ठाच्या बाबतीत काय व्हावे? ग्रोथस-ड्रेपर नियम आठवा आणि उत्तर प्रयोगाला विचारा. जिलेटिन कागद एकाच रंगाचा प्रकाश काटेकोरपणे सोडत नाही, हे निष्कर्ष काढताना ध्यानात असू द्या.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. बहुतेक मोबाइल फोनमध्ये प्रकाशसंवेदक असतो आणि त्यावरून लक्सचा अदमास घेता येतो. विद्यार्थ्यांकडून वर्गात, व्हरांड्यात आणि प्रदर्शनाच्या खोलीत सकाळ-दुपार मोजमापे घेऊन आलेख काढून घ्यावा. मग शाळेच्या प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक हस्तकामाजवळ, करणाऱ्याच्या नावाखाली, एक लहानशी तक्ती लावावी: ‘येथील प्रकाश इतके लक्स, प्रदर्शन इतके तास, एकूण खर्च इतके लक्स-तास.’

याचा अर्थ कापडे अंधारात कोंडून ठेवावीत असा मुळीच नाही. कपाटात जपलेले आणि कोणीच न पाहिलेले भरतकाम रंगाने ताजे राहील, पण ते ज्यासाठी केले ते काम त्याच्याकडून झालेच नाही असे होईल. प्रश्न खर्च करावा की नाही हा नसून, तो कोणासाठी आणि किती करावा हा आहे. कोणी नसताना खोलीतला दिवा चालू राहिला तर ते लक्स-तास कोणाच्याच उपयोगी न पडता कायमचे जातात. तेव्हा प्रदर्शनाच्या खोलीतून शेवटचा माणूस बाहेर पडला की दिवा बंद करायला विसरू नका.